बुवांच्या जीपचा लाल दिवा

"आत्माराम, हा दिवा काढून टाकता येईल का हो?" दामोदरबुवा भैरववाडीकर म्हणाले, आणि मी हातातला पाना खाली ठेवला.

बुवांनी मागितलं असतं तर मी दुकानाचं शटरसुद्धा काढून दिलं असतं. आमच्या भागात नारदीय कीर्तन उभं करावं तर त्यांनीच. मी गाड्यांचं वायरिंग करणारा मिस्त्री, जातीनं गुरव. जवळपास कुठं कीर्तन असलं की माझ्या दुकानाला कुलूप असतं, हे गिऱ्हाइकांनीही मान्य केलं होतं. त्या वर्षी आमच्या दत्तमंदिरात जयंतीचा सप्ताह होता आणि सातही दिवस चार वाजता बुवांचं कीर्तन होतं. पहिल्याच दिवशी त्यांच्या जीपचा हॉर्न बंद पडला आणि जीप माझ्या दारात आली. याला मी दत्तमहाराजांची कृपा म्हणतो.

"कुठला दिवा, बुवा?"

"हा. चावी फिरवली की पहिला हाच डोळे वटारतो."

डॅशबोर्डवर दत्ताची पितळी मूर्ती चिकटवलेली होती. तिच्या बरोबर पायाशी, काचेच्या आत, बॅटरीची खूण असलेला लाल दिवा. चावी फिरवली की तो लागायचा, इंजिन चालू झालं की विझायचा.

"घरातून निघताना देवाचं नाव घेऊन बसावं, तर समोर लाल," बुवा म्हणाले. "रोज मनात खोट येते. आहे कशाचा तो?"

"बॅटरी चार्ज होते की नाही ते सांगतो."

"सांगतो. म्हणजे करत काही नाही?"

"करत काही नाही. नुसता सांगतो."

"म्हणजे माझ्यासारखाच," बुवा हसले. "पण मी निदान लाल होऊन सांगत नाही."

स्टिअरिंगवर बिरूअण्णा कोळेकर बसले होते. वीस वर्षं बुवांचे ड्रायव्हर. पंचावन्नच्या पुढचे, डोक्याला पटका, बोलणं मोजकं. ते म्हणाले, "आसू द्या की बुवा. इंजिन लागलं की जातोयच की त्यो. कंपनीनं काय उगंच बसवला आसंल व्हय?"

"अण्णा," मी म्हणालो, "वायरिंग तुमचं का माझं?"

"तुमचं."

मी डॅशबोर्डमागं हात घातला, होल्डर ओढला, दोन वॅटचा बल्ब काढला आणि स्क्रूच्या डब्यात टाकला. रिकामा होल्डर मागं लोंबत ठेवला. बिरूअण्णांनी चावी फिरवली. लाल काही लागलं नाही. बुवांनी हात जोडले. मी हॉर्नच्या कामाचंही काही घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी कीर्तन संपलं, आरती झाली, बुवा गाडीत बसले आणि सेल्फ फिरेना. 'खट्' असा एक आवाज व्हायचा आणि मग काहीच नाही. बॅटरी उतरली होती. मांडवातले दहाबारा जण एका हातात प्रसाद धरून दुसऱ्या हातानं जीप ढकलू लागले. चालू झाली. चौथ्या दिवशी तेच. त्या दिवशी आरती संपल्यावर बायाबापड्या घरी न जाता थांबून राहिल्या. अजून जीप ढकलायची राहिलीय, असं एकीनं दुसरीला सांगितलेलं मी ऐकलं.

बुवांचं सगळं वेळापत्रक त्या जीपवर होतं. भैरववाडी आमच्यापासून चौदा किलोमीटर. शिवाय त्या आठवड्यात पलीकडच्या गावी पहाटे त्यांचं प्रवचन असायचं. पहाटे निघताना अंधार, संध्याकाळी कीर्तनाहून परतताना अंधार, म्हणजे दोन्ही वेळेला हेडलाइट. गाडीचं आणि तारखांचं सगळं त्यांचे जावई विनायकराव बघत. हायस्कुलात गणित शिकवायचे. चौथ्या दिवशी त्यांनी जीप माझ्या दुकानात आणायला लावली.

मी मीटर लावला. बिरूअण्णांना उठवून स्वतः गाडीत बसलो, इंजिन चालू केलं, चांगली दणकून रेस दिली. मीटरवर चौदा पॉइंट दोन व्होल्ट, म्हणजे चार्जिंग चोख. पट्टा कडक होता. बॅटरीचं पाणी बरोबर होतं. बॅटरी चार वर्षांची होती, पण तिच्यात दम होता.

"गाडी ठणठणीत आहे," मी म्हणालो.

"लिहून द्याल?" विनायकराव म्हणाले.

"दत्ताची शपथ घेऊन देतो."

पाचव्या दिवशी विनायकरावांनी शाळेत रजा टाकली आणि दिवसभर जीप स्वतः चालवली. बिरूअण्णांना चाळीस मिनिटं लागायची, ते चौदा किलोमीटर त्यांनी अठरा मिनिटांत आणले. बुवा मांडवाच्या दारात उतरले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. नमनाला उभे राहण्यापूर्वी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बसून राहिले. पण कीर्तनानंतर जीप पहिल्या सेल्फला चालू झाली. ढकलायला थांबलेले लोक थोडे नाराज होऊन गेले.

सहाव्या दिवशी परत बिरूअण्णा. सातव्या दिवशी पहाटे जीप भैरववाडीच्या अंगणातून हललीच नाही. त्या वेळी ढकलायला घरात होतं कोण? बुवा, बुवांच्या पत्नी आणि बिरूअण्णा. प्रवचन चुकलं. चाळीस वर्षांत बुवांचं चुकलेलं ते पहिलं प्रवचन.

मला निरोप आला. मी चार्ज केलेली बॅटरी मोटारसायकलला बांधून दहा वाजता भैरववाडीला पोचलो. अंगणात विनायकराव उभे होते. बिरूअण्णा बॉनेटला टेकून होते. बुवा सोप्यावर जपमाळ घेऊन बसले होते. माळ हलत नव्हती.

"मिस्त्री, परत एकदा सांगा," विनायकराव म्हणाले. "गाडीत दोष आहे?"

"नाही."

"मी चालवतो तेव्हा बॅटरी राहते. हा चालवतो तेव्हा जाते. मग जाते कुठं?"

मी थोडा विचार केला. "काहीतरी चालू राहत असणार," मी म्हणालो.

हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणी नाही.

"टेप," विनायकराव लगेच म्हणाले. "आत कीर्तन चालू असतं आणि हा गाडीत टेप लावून झोपतो."

"टेप मी लावत न्हाई," बिरूअण्णा म्हणाले. "आत बुवा उभं आसताना टेप कोन लावंल?"

"तू कीर्तनाला बसतोस कुठं? मी एवढ्या वेळा आलो, मांडवात तू मला एकदाही दिसला नाहीस. मिस्त्री, तुम्ही रोज असता. तुम्हाला दिसला?"

मी आठवून बघितलं. मी कायम पहिल्या ओळीत बसतो, पेटीवाल्याच्या गुडघ्याला गुडघा लावून. मागं कोण बसतं ते बघायला मान वळवावी लागते, आणि बुवा उभे असताना मान कोण वळवेल?

"नाही," मी म्हणालो.

बिरूअण्णांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. एखाद्या गाडीच्या चाकाकडं बघावं तसं.

"बिरू, आजचा दिवस तू गाडी चालव," विनायकराव म्हणाले. "उद्यापासून माझा आतेभाऊ येईल. त्याला मी शब्द दिलाय."

"बरं," बिरूअण्णा म्हणाले. मग सोप्याकडं वळून म्हणाले, "गाडीचं काय आसंल ते आसू द्या. पर मी कीर्तन ऐकत न्हाई, ह्ये तेवढं म्हनू नगा."

व्यवहार विनायकराव बघत. बुवांची माळ तेवढी हलू लागली.

विनायकरावांनी मला बाजूला घेतलं. ते पुढं मांडवाच्या तयारीला जाणार होते. "तुम्ही दुपारी जीपमधून या. काय चालू ठेवतो, काय नाही, नजर ठेवा."

नजर ठेवायची म्हणजे दुपारी बुवांच्या गाडीतून यायचं! शेवटच्या दिवसाचं आख्यान बुवा वाटेत गुणगुणत लावतात असं मी ऐकून होतो. मी हो म्हणालो. कशाला हो म्हणालो ते तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

बॅटरी बसवताना मी तिच्यावरून दोन लांब वायरी काढल्या, आत घेतल्या, मीटरला जोडल्या आणि मीटर मांडीवर ठेवून मागच्या बाकावर पेटीशेजारी बसलो. टेपच काय, एखादा बल्ब जरी लागला तरी आकडा पडणार होता.

जीप निघाली. मी आयुष्यात शेकडो ड्रायव्हर पाहिलेत, पण तशी गाडी चालवताना कुणाला पाहिलं नाही. वरचा गिअर, पायाचा नुसता भार, इंजिन घशातल्या घशात गुणगुणल्यासारखं. खड्डा आला की जीप त्याला विचारून पुढं जायची. बुवा पुढं डोळे मिटून बसलेले. बोटांनी गुडघ्यावर ताल. मधेच एखादी ओळ गळ्यातून निघायची, मग तीच ओळ वेगळ्या चालीवर, मग शांतता. बुवा थबकले की बिरूअण्णा गाडी आणखी हळू घ्यायचे. बुवांना ओळ सापडली की बिरूअण्णा "हं" म्हणायचे. मी कान देऊन बसलो होतो. डोळ्याला पाणी आलं. ते पुसायला खाली बघितलं तर मीटर दिसला.

बारा पॉइंट तीन.

इंजिन चालू असताना तिथं चौदा पाहिजे. मी वायरी हलवून बघितल्या. मीटरला टिचकी मारली. अर्ध्या वाटेत बारा पॉइंट दोन झाले. टेप बंद होता, दिवे बंद होते, हॉर्नसुद्धा बिरूअण्णांनी वाजवला नव्हता. गाडीत काहीच चालू नव्हतं. चार्जिंगच होत नव्हतं.

गावात शिरताना देवळाचा चढ लागतो. बिरूअण्णांनी दुसरा गिअर टाकला, इंजिन जोरात ओरडलं, आणि माझ्या मांडीवर आकड्यांनी उडी मारली. तेरा पॉइंट नऊ. चौदा.

पुढच्या मिनिटाला आम्ही देवळामागं उभे होतो आणि इंजिन बंद झालं होतं.

त्या दिवशी मी पहिल्या ओळीत बसलो नाही. शेवटच्या दिवसाचं कीर्तन, आणि मी देवळामागं जीपचं बॉनेट उघडून. लाउडस्पीकरवर नमन ऐकू आलं, पूर्वरंग झाला, टाळ्या झाल्या, बुक्का लावला असेल, हार घातला असेल. मी बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरच्या एकेका वायरीला बोट लावत होतो.

इंजिन चालू केलं. हळू फिरतंय तोवर बारा. म्हटलं, चढावर झालं ते इथं होतंय का बघू. दणकून रेस दिली. चौदा. बंद केलं, परत चालू केलं, हळू. परत बारा. म्हणजे अल्टरनेटर मेलेला नव्हता. झोपलेला होता. जोरात गदागदा हलवला की उठत होता. मी दुकानात गदागदा हलवला होता. विनायकरावांनी सबंध दिवस गदागदा हलवला होता. न हलवणारा माणूस एकच होता.

"रेस कशापायी केलीसा?"

बिरूअण्णा मांडवाच्या बाजूनं तरातरा येत होते. एवढे चिडलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते.

"आत उत्तररंग चाललाय. बुवा आता म्हातारीच्या बोलन्यावर आल्यालं, आन तुमी हितं डरकाळ्या फोडताय!"

"तुम्ही कुठं होता?"

"कुठं म्हंजे? रोजच्या जागंला. चपलांजवळ."

"आत का बसत नाही?"

"आत बसल्यावर गाडी दिसत न्हाई." हे सांगायची गोष्ट आहे असंही त्यांना वाटत नव्हतं. "आन भोंगा भाईरच आसतोय की. चपलांजवळ लई चांगलं ऐकू येतं."

मी परत वायरीत डोकं घातलं, कारण दुसरीकडं कुठं बघावं ते कळेना. अल्टरनेटरवरनं एक बारीक वायर निघत होती. जाड वायर बॅटरीकडं जाते, ती सगळ्यांना माहीत असते. ही बारीक वायर इंजिनमागच्या पत्र्यातून आत गेली होती, डॅशबोर्डमागं. मी आत जाऊन आडवा झालो, तिचं दुसरं टोक चाचपडलं. ते एका होल्डरला जोडलेलं होतं. होल्डर रिकामा होता आणि लोंबत होता.

माझ्याकडं टेस्टलॅम्प असतो. एक बल्ब आणि दोन वायरी. मी त्या दोन वायरी होल्डरच्या आत टेकवल्या.

"अण्णा, चावी फिरवा."

टेस्टलॅम्प लागला.

"सेल्फ मारा. रेस देऊ नका."

इंजिन लागलं आणि टेस्टलॅम्प विझला. मी मीटर बघितला. इंजिन गुणगुणत होतं आणि आकडा चौदा होता. वायरी काढून सगळं बंद करून परत एकदा केलं. टेस्टलॅम्पाशिवाय बारा. टेस्टलॅम्प लावून चौदा. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती, तरी केलं.

"काय सापडलं?" बिरूअण्णांनी विचारलं.

"अल्टरनेटरला जागं व्हायला आधी चिमूटभर करंट लागतो," मी म्हणालो. "तो त्या लाल दिव्यातून जात होता."

"म्हंजे दिवा नव्हता म्हनून."

"हो."

"तुमी तर म्हनला हुता, नुसता सांगतोय."

"मला तेवढंच माहीत होतं."

मला वाटलं होतं, ते शिव्या देतील. ते जीपच्या पायरीवर बसले. भोंग्यातून बुवांचा आवाज येत होता आणि एक कान तिकडंच होता.

"अण्णा, मी दुकानातून बल्ब आणतो. पाच मिनिटांचं काम आहे. आजपासून ढकलायला नको."

"आना." मग म्हणाले, "उद्या त्यो नवा पोरगा ईल. पयल्या सेल्फला गाडी लागंल. मग सगळी म्हनतील, बिरू गेला आन बॅटरी सुधारली."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नुसता बल्ब लावला तर बिरूअण्णांवरचा आरोप कायमचा शाबीत होणार होता, माझ्याच हातानं.

"मग नको लावू का?"

"लावा की. बुवांची गाडी हाय, हाल कशाला त्येंचं?" ते उठले. "आन आता रेस करू नगा." चपलांजवळ जाऊन बसले.

मी दुकानात गेलो, स्क्रूच्या डब्यात हात घातला, बल्ब आणला, लावला. तोवर आरतीची घंटा झाली.

मांडवात शिरतो तर माईकवर सप्ताहाचे अध्यक्ष रंगरावतात्या माझंच नाव घेत होते. समारोपाला सेवेकऱ्यांचे सत्कार असतात. मांडववाला, पाणीवाला, आणि "बुवांच्या गाडीतला दोष शोधून काढणारे आपले आत्माराम मिस्त्री." विनायकरावांनीच नाव सुचवलं होतं; त्यांच्या हिशेबी दोष म्हणजे बिरूअण्णा. माझ्या खांद्यावर उपरणं पडलं, हातात नारळ आला. मी माईक धरला. आयुष्यात पहिल्यांदा.

"दोष मी शोधला नाही," मी म्हणालो. "दोष मीच केलाय. दिवा मी काढला. बॅटरी माझ्यामुळं उतरली. बिरूअण्णांचा काही गुन्हा नाही. सगळी चूक माझी आहे."

मग टाळ्या पडल्या. जोरात पडल्या.

"बघा!" रंगरावतात्यांनी माईक परत घेतला. त्यांचा आवाज भरून आला होता. "सात दिवस कीर्तन ऐकल्याचं हे फळ. मान मिळतोय आणि माणूस म्हणतोय, दोष माझा. ह्याला म्हणतात नम्रता!"

"अहो तात्या, खरंच माझा आहे," मी म्हणालो.

टाळ्या आणखी वाढल्या. पुढच्या ओळीतल्या एका आजीबाई माझ्या पायाला हात लावायला उठल्या. मी उडी मारून मागं सरलो, त्याचंही कौतुक झालं.

मग मी एक केलं. नारळ तात्यांच्या हातात दिला, गादीजवळ गेलो, बुवांच्या गळ्यात हार होता तरी त्यांचं मनगट धरलं आणि म्हणालो, "बुवा, जरा गाडीपाशी चला." कीर्तनकाराचं मनगट धरणं म्हणजे काय ते मला कळत होतं. बुवा आले. मागोमाग विनायकराव आले, तात्या आले, आणि आता जीप ढकलायची असेल म्हणून निम्मा मांडव आला.

मी बुवांना पुढच्या सीटवर बसवलं. चावी फिरवली. दत्ताच्या पायाशी लाल दिवा लागला. मग बल्ब काढून दाखवला, परत लावून दाखवला, दोन्ही वेळेला इंजिन हळू चालू करून मीटर त्यांच्यासमोर धरला. म्हणालो, "दिवा नसला की अल्टरनेटर झोपूनच फिरतो. विनायकराव जोरात पळवतात, तेव्हा तो दणक्यानं जागा होतो. मीही दुकानात दणकाच दिला. बिरूअण्णा देत नाहीत. तुम्ही गाडीत आख्यान लावत असता म्हणून देत नाहीत. दिवा असता तर त्यांच्या हळू चालवण्यालाही बॅटरी भरली असती. इतकी वर्षं भरतच होती."

बुवांनी त्या दिव्यावर बोट टेकवलं.

"काढायला मी लावला," ते म्हणाले.

"काही करत नाही असं मी सांगितलं."

"आणि असू द्या असं कोण म्हणालं होतं?"

बिरूअण्णा चाकाजवळ उभे होते.

"बॅटरीचं ठीक आहे," विनायकराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण मुद्दा सोडायची सवय नव्हती. "तेवढं मी मागं घेतो. पण कीर्तनाला हा बसत नाही, ते तर खरं? आतेभावाला मी शब्द देऊन बसलोय."

मी बोलायला तोंड उघडलं. बुवांनी हात वर केला.

"बिरू, आज उत्तररंगात मी काय लावलं होतं?"

"पालखी," बिरूअण्णा म्हणाले. "अडल्याल्या पालखीची गोष्ट." मग जरा थांबून म्हणाले, "पर आज तुमी म्हातारीचं बोलनं गाळलं."

बुवांची मान वर झाली. "गाळलं?"

"सुरवात केली, आन हिकडं रेस झाली. तुमचं ध्यान मोडलं. मग तुमी एकदम शेवटाला आला. बाकी कुणाला कळलं नसंल."

"मी पहिल्यांदाच गाळलं असेल ते."

"न्हाई. चार वर्सांमागं पेठेत गाळलं हुतं. तवा पाऊस आल्ता."

विनायकराव जमिनीकडं बघू लागले.

"रेस मी केली, बुवा," मी म्हणालो. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"काय बोलते म्हातारी?" बुवांनी विचारलं. "सांग. लोकांचं राहून गेलंय ते ऐकायचं."

बिरूअण्णांनी पटका काढला आणि हातात धरला. चालीवर नव्हे, साध्याच आवाजात बोलायला लागले. त्यांच्या तोंडी ती म्हातारी जास्त म्हातारी वाटत होती.

"गावची पालखी शिवंवर अडती. हलंना. गाव म्हनतं, कुनाचं तरी पाप जड झालंय. ह्याला हाकला, त्याला हाकला. तवा म्हातारी म्हनती, आरं, द्येव जड झाला न्हाई. खांदं देनारी माणसं सकाळधरनं उपाशी हायती. त्यांला कुनी इचारलं का, बाबांनो, जेवलासा का म्हनून?"

एवढं बोलून त्यांनी पटका परत बांधला. एक बाई पदर तोंडाला लावून उभी होती.

बुवा जीपमधून उतरले. हार अजून गळ्यात होता.

"बिरू," ते म्हणाले, "तू जेवलास का?"

"न्हाई. मी शेवटच्या पंगतीला बसतो. तोवर गाडी पुसून व्हती."

"गाडी राहू दे."

बुवांनी त्यांचा हात धरला आणि मांडवातून, चपलांवरून, सगळ्यांच्या मधून त्यांना पहिल्या पंगतीत नेऊन आपल्या उजव्या हाताला बसवलं. विनायकराव थोडा वेळ जीपजवळ उभे राहिले. मग रंगरावतात्यांच्या घरी फोन होता, तिकडं गेले. आतेभावाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. परत आले आणि मीठ वाढायला लागले.

खिरीची बादली माझ्याकडं होती. या गोष्टीला आता सव्वीस वर्षं होतील, पण त्या पंगतीत कोण कुठं बसलं होतं ते मी आजही सांगेन. बुवांना वाढलं. बिरूअण्णांना वाढलं. दुसऱ्या फेरीला मी त्यांच्या पानापुढं ओगराळं भरून वाकलो, तर त्यांनी पानावर आडवा हात धरला.

"घ्या की अण्णा. माझ्या हातची घ्या."

"नगं मिस्त्री," ते म्हणाले. "खीर जास्ती झाली की झोप येती. गाडी चालवायचीय."